विलायतेतील फुरसतीचे दिवस

नवी दिल्लीतील कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा एक रुंद रस्ता आहे. इंग्रजी अमदानीत व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या नावावरून त्याला कर्झन रोड म्हणत. आज त्याचे नाव कस्तुरबा गांधी मार्ग असे आहे. २०१३ साली खुले झालेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे. ब्रिटिश कौन्सिलची इमारत आणि जर्मन भाषेचे वर्ग चालवणारे मॅक्सम्युलर भवनही येथेच आहे. त्यामुळे परदेशी शिकायला जाण्याची उमेद बाळगणारी मुले-मुली या रस्त्यावर नेहमी दिसतात. कोणी भाषेच्या परीक्षेची चौकशी करीत असते, तर कोणी विद्यापीठांची माहितीपत्रके चाळीत असते.

ज्यांचे नाव या मार्गाला दिलेले आहे, त्या कस्तुरबांनी शाळेची पायरीही कधी चढलेली नव्हती. तरीही परदेशातील शिक्षण म्हणजे काय, हे त्यांनी फार लहान वयात अनुभवले होते. त्यांचे पती मोहनदास करमचंद गांधी बॅरिस्टर होण्यासाठी १८८८ साली लंडनला गेले आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिले. पुढे महात्मा म्हणून जगाला परिचित झालेल्या या गृहस्थांच्या अभ्यासाविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. त्या काळी बॅरिस्टरची परीक्षा फारशी अवघड नसे. मोहनदासांच्या हाती मोकळा वेळ पुष्कळ होता. तो त्यांनी कसा घालवला, ही हकिकत मात्र मोठी मनोरंजक आहे. आत्मचरित्रात त्यांनी ती स्वतःला जराही न झाकता सांगितली आहे.

मोहनदास आणि कस्तुरबा दोघेही पोरबंदरचे, एकाच वयाचे. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न झाले. मोहनदास विलायतेला निघाले तेव्हा त्यांना एकोणिसावे वर्ष संपत आले होते आणि थोरला मुलगा हरिलाल अवघ्या काही महिन्यांचा होता. वडील आधीच वारले होते. घरात पैसा नव्हता. पत्नीच्या अंगावरचे दोन-तीन हजारांचे दागिने मोडावेत, असेही मोहनदासांनी सुचवून पाहिले. शेवटी थोरले बंधू लक्ष्मीदास यांनी खर्चाचा भार उचलण्याचे कबूल केले. आई पुतळीबाईंनी मांस, मद्य आणि परस्त्री यांना स्पर्श न करण्याची शपथ घ्यायला लावली, तेव्हा कोठे त्यांची संमती मिळाली. मुंबईत आल्यावर जातीच्या पंचायतीने आणखी एक अडथळा उभा केला. समुद्र ओलांडणे धर्मबाह्य आहे, असे सांगून त्यांना जातीबाहेर टाकण्यात आले आणि जो कोणी त्यांना मदत करील किंवा धक्क्यावर पोहोचवायला जाईल, त्याला सव्वा रुपया दंड ठरला. मोहनदास डगमगले नाहीत. ४ सप्टेंबर १८८८ रोजी त्यांची बोट मुंबईहून सुटली. कस्तुरबा राजकोटला सासरी राहिल्या.

लंडनमधील पहिले दिवस फजितीचे होते. बोटीवर जपून ठेवलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख चढवून मोहनदास किनाऱ्यावर उतरले. पाहतात तो सप्टेंबर संपत आलेला आणि तसले पांढरे कपडे घातलेले तेच एकटे. बाकीचे सामान कंपनीच्या ताब्यात होते आणि दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून ते लगेच मिळेना. त्याच संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले. त्यांची उंच रेशमी टोपी मोहनदासांनी सहज हाती घेतली आणि तिच्यावरून उलटा हात फिरवला. गुळगुळीत लव विस्कटली. डॉक्टरांनी थोडे रागावून त्यांना थांबवले आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, येथपासून विलायती रीतिरिवाजाचा पहिला धडा दिला.

खरी पंचाईत जेवणाची होती. ज्या घरात मोहनदास राहत, तेथील मालकीण भली होती. पण मीठमसाला न घातलेल्या उकडलेल्या भाज्या त्यांना गिळवत नसत. पावाचा आणखी तुकडा मागायला लाज वाटे. पोट अर्धे रिकामेच राही. मग त्यांनी शहर पालथे घालायला आरंभ केला. लंडनमध्ये शाकाहारी उपाहारगृहे आहेत, असे त्यांच्या कानावर आले होते. त्यांच्या शोधात ते रोज दहा-बारा मैल पायी भटकत आणि वाटेत एखाद्या स्वस्त दुकानात नुसत्या पावावर भूक भागवत. प्रेक्षणीय स्थळे पाहायला माणसे बाहेर पडतात. या विद्यार्थ्याची पहिली भटकंती पोटासाठी होती. अशाच एका फेरीत फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना हवे ते सापडले. दाराजवळच्या काचेत विक्रीला ठेवलेल्या पुस्तकांत हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे पुस्तक होते. एक शिलिंग देऊन त्यांनी ते विकत घेतले आणि मगच ते जेवायला बसले. विलायतेत आल्यापासून ते पहिल्यांदा पोटभर जेवले. आजवर शाकाहार ही आईला दिलेली शपथ होती. पुस्तक वाचल्यावर ते त्यांचे स्वतःचे मत झाले.

एका मित्राला हा सारा प्रकार वेडगळपणाचा वाटे. नव्या पुस्तकांच्या नादाने मोहनदासांचे डोके बिघडेल, अशी त्याला काळजी वाटू लागली. त्याने त्यांना नाटकाला नेण्याचे ठरवले आणि त्याआधी हॉबर्न येथील एका भपकेबाज उपाहारगृहात जेवणाचा बेत केला. तेवढ्या लोकांत तरी हा पाहुणा मुकाट्याने पुढ्यात येईल ते खाईल, असा त्याचा होरा होता. सूप आले. ते कशाचे आहे, हे मित्राला विचारायला मोहनदास संकोचले आणि त्यांनी वाढप्याला खूण केली. मित्राला हा अपमान वाटला. सभ्य माणसांत वागता येत नसेल तर बाहेर जाऊन दुसरीकडे जेवून ये, असे त्याने सुनावले. मोहनदास आनंदाने उठले. जवळच एक शाकाहारी उपाहारगृह होते, पण ते बंद झालेले होते. त्या रात्री ते उपाशीच राहिले. तसेच ते मित्राबरोबर नाटकाला गेले. झाल्या प्रकाराबद्दल दोघांपैकी कोणीही पुन्हा अवाक्षर काढले नाही आणि त्यांची मैत्रीही तुटली नाही.

मित्राला आपल्यामुळे ओशाळे व्हावे लागते, हे मात्र मोहनदासांच्या मनाला लागले. मांस खायचे नाही, तर निदान इतर बाबतींत आपण पक्के साहेब व्हावे, असे त्यांनी ठरवले. मग काय, मुंबईत शिवलेले कपडे बाजूला पडले. १९ शिलिंगांची उंच टोपी आली. बॉण्ड स्ट्रीट म्हणजे लंडनमधील षोकीन लोकांची पेठ. तेथे १० पौंड खर्चून संध्याकाळचा पोशाख शिवून घेतला. घड्याळासाठी दुहेरी सोन्याची साखळी पाठवावी, असे भोळ्या भावाला कळवले आणि त्यानेही ती पाठवली. रोज दहा मिनिटे मोठ्या आरशासमोर उभे राहून टाय बांधणे आणि भांग पाडणे, हा नित्यक्रम झाला. साहेबाला नाचता आले पाहिजे, म्हणून ३ पौंड भरून नृत्याचा वर्ग लावला. तीन आठवड्यांत सहाएक धडे झाले. पण पियानोचा ताल काही केल्या कळेना आणि पाऊल त्यावर पडेना. कान तयार व्हावा म्हणून मग व्हायोलिन शिकण्याचे काढले. त्यासाठी आणखी ३ पौंड वाद्याचे आणि वर शिकवणी. भाषण करता यावे म्हणून तिसरा शिक्षक गाठला आणि त्याला एक गिनी दिली.

हे खूळ सुमारे तीन महिने टिकले. ते का संपले, हे पाहण्यासारखे आहे. मोहनदासांना कोणी रागावले नाही. आपल्याला जन्म काही इंग्लंडमध्ये काढायचा नाही, मग हे वक्तृत्व कोठे उपयोगी पडणार, असा साधा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. व्हायोलिन तर हिंदुस्थानातही शिकता आले असते. आणि भावाने पाठवलेला पैसा शिक्षणासाठी होता. त्यांनी भाषणाच्या आणि नृत्याच्या शिक्षकांना पत्रे लिहून शिकवणी थांबवली. व्हायोलिनच्या शिक्षिकेकडे ते स्वतः गेले आणि येईल त्या किमतीला वाद्य विकून टाकण्याची त्यांनी तिला विनंती केली. त्या बाईंशी त्यांचा स्नेह जमला होता. आपण चुकीच्या नादाला लागलो होतो, हे त्यांनी तिला मोकळेपणाने सांगितले आणि तिनेही त्यांना उत्तेजनच दिले. नीटनेटक्या कपड्यांची आवड मात्र पुढे कित्येक वर्षे राहिली.

आता त्यांनी हिशेबाची वही घातली. बसभाड्याचे पैसे, टपालाची तिकिटे, वर्तमानपत्राचा खर्च, सारे काही तिच्यात उतरू लागले. रात्री निजण्यापूर्वी ते जमाखर्चाचा मेळ घालीत. कुटुंबात राहणे खर्चाचे होते, म्हणून त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आणि त्या अशा ठिकाणी की कामाच्या जागी अर्ध्या तासात पायी जाता यावे. भाड्याचे पैसे वाचले आणि रोज आठ-दहा मैल चालणेही होऊ लागले. एवढे चालल्यामुळेच आपण विलायतेत आजारी पडलो नाही, असे ते मानीत. पुढे दोन खोल्यांची एक खोली झाली आणि तीत एक शेगडी आली. सकाळी ओटची लापशी आणि कोको, दुपारी बाहेर जेवण, रात्री पुन्हा कोको आणि पाव. दिवसाचा खाण्याचा खर्च सव्वा शिलिंगावर आला. घरून मसाले मागवणे त्यांनी बंद केले. आता उकडलेला पालकही त्यांना गोड लागू लागला. याच काळात लंडनची मॅट्रिकची परीक्षा त्यांनी हौसेने दिली. पहिल्या खेपेस ते लॅटिनमध्ये नापास झाले. दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले.

बॅरिस्टर होण्यासाठी एक गमतीदार अट असे. परीक्षांच्या जोडीला ठरावीक संख्येची जेवणे संस्थेच्या भोजनगृहात घ्यावी लागत. चार-चार जणांची पंगत असे आणि प्रत्येक चौघांमागे मद्याच्या दोन बाटल्या मिळत. मोहनदास मद्य घेत नसल्यामुळे त्यांचा वाटा इतर तिघांत वाटला जाई. साहजिकच आपल्या पंगतीला हा हिंदी विद्यार्थी असावा, म्हणून चढाओढ लागे!

शाकाहाराच्या हौसेतूनच त्यांना लंडनमध्ये गोतावळा मिळाला. ते शाकाहारी मंडळाचे सभासद झाले आणि त्याच्या कार्यकारिणीवर गेले. बेजवॉटर भागात राहत असताना त्यांनी तेथे एक छोटे मंडळ काढले. डॉ. ओल्डफील्ड त्याचे अध्यक्ष, गीतेचे इंग्रजी भाषांतरकार सर एडविन अर्नोल्ड उपाध्यक्ष आणि मोहनदास स्वतः चिटणीस. हे मंडळ काही महिन्यांतच बंद पडले. पण संस्था कशी चालवावी, याचा पहिला अनुभव त्यांना येथे मिळाला. बोलायला मात्र ते फार लाजत. लिहून आणलेले भाषणही त्यांना वाचवत नसे. एकदा व्हेंटनर येथील सभेत त्यांचे डोळे अंधारले, हातपाय कापू लागले आणि त्यांचा कागद शेवटी मित्राने वाचून दाखवला. पुढे देशभर लाखोंच्या सभांपुढे बोलणारा माणूस तो हाच. अर्नोल्ड यांच्या भाषांतराशीही त्यांची ओळख लंडनमध्येच झाली. थिऑसॉफिस्ट पंथाच्या दोन मित्रांनी ते आपल्याबरोबर वाचण्यासाठी त्यांना बोलावले. तोवर मोहनदासांनी गीता वाचलेली नव्हती. आपल्या घरातला ग्रंथ परमुलखात परक्यांच्या सोबतीने प्रथम उघडावा लागला, याची त्यांना लाज वाटली.

पॅरिसमध्ये १८८९ साली मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. ते पाहायला मोहनदास गेले आणि सात दिवस राहिले. हाती शहराचा नकाशा घेऊन त्यांनी बरेचसे पॅरिस पायीच पाहिले. प्रदर्शनासाठी उभारलेल्या आयफेल मनोऱ्यावर ते दोन-तीनदा चढले. एवढ्या उंचीवर आपण जेवलो, असे सांगता यावे म्हणून पहिल्या मजल्यावरील उपाहारगृहात त्यांनी ७ शिलिंग उडवले. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या या विद्यार्थ्याने चैनीपायी केलेला हा खर्च वाचून बरे वाटते. मनोरा त्यांना मोठ्या खेळण्यासारखा वाटला. जुन्या चर्चची भव्यता आणि तेथील शांतता मात्र मनात घर करून राहिली.

वाइट बेटावरील व्हेंटनर गावी घडलेली फजितीही सांगण्यासारखी आहे. मोहनदास तेथे सुटीत गेले असता घरमालकिणीची मुलगी त्यांना भोवतालच्या टेकड्या दाखवायला घेऊन गेली. मोहनदास चालण्यात कमी नव्हते. पण ती मुलगी त्यांच्याहून चपळ निघाली. ती बडबडत पुढे आणि हे हो-ना करीत मागे! टेकडीच्या माथ्यावरून ती पाखरासारखी धावत खाली उतरली. मोहनदास भीतीने गोठले. कोठे बसत, कोठे सरपटत, ते कसेबसे पायथ्याशी आले तेव्हा ती हसून लोटपोट झाली होती.

या सहलींमध्ये एक खोटेपणा लपलेला होता. शिकत असताना लग्न झालेले असणे, ही गोष्ट इंग्लंडमध्ये चमत्कारिक मानली जाई. त्यामुळे तेथील हिंदी तरुण आपले लग्न झाल्याचे लपवून ठेवीत. तसे केले नाही, तर ज्या कुटुंबात ते राहत, तेथील तरुण मुलींबरोबर फिरण्या-बोलण्याची मोकळीक राहत नसे. मोहनदासही या मोहात सापडले. राजकोटला पत्नी आणि मुलगा असताना ते अविवाहित म्हणून वावरू लागले.

ब्रायटन येथे एका वृद्ध विधवेशी त्यांची ओळख झाली. उपाहारगृहातील पदार्थांची यादी फ्रेंच भाषेत होती आणि त्यांना ती कळत नव्हती. त्या बाईंनी त्यांना मदत केली. पुढे लंडनमध्ये दर रविवारी त्या त्यांना घरी जेवायला बोलावू लागल्या. मुलाचा संकोच मोडावा म्हणून त्यांनी आपल्या घरी राहणाऱ्या एका तरुणीशी त्यांचा परिचय करून दिला आणि दोघांना गप्पा मारत बसू दिले. पहिल्यापहिल्यांदा मोहनदासांना अवघड वाटे. मग त्या रविवारची ते वाट पाहू लागले. बाईंच्या मनात काय आहे, हे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा मात्र त्यांना स्वस्थ बसवेना. त्यांनी पत्र लिहायला घेतले, पुनःपुन्हा लिहिले. आपले लहानपणीच लग्न झालेले आहे, एक मुलगाही आहे, ही गोष्ट आपण लपवली, याचे दुःख होते. यापुढे घरी बोलवावे की नाही, हे आपणच ठरवावे, असे त्यांनी कळवले. उलटटपाली बाईंचे उत्तर आले. त्या दोघीही खूप हसल्या होत्या आणि रविवारचे आमंत्रण कायम होते. त्या दिवसापासून लग्न झाल्याचे सांगायला मोहनदास कचरले नाहीत. लंडनमधील त्या तीन वर्षांत त्यांनी किती मैल पायपीट केली याला गणती नाही. त्यांना सर्वांत जड गेले असेल ते त्या पत्राच्या पेटीपर्यंतचे अंतर.

१० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि १२ जूनला परतीच्या बोटीवर चढले. मुंबईत उतरल्यावर कळले की आई गेली. परमुलखात धक्का बसू नये, म्हणून भावाने ही बातमी लपवून ठेवली होती. जातीच्या समाधानासाठी भाऊ त्यांना आधी नाशिकला घेऊन गेला. गोदावरीत स्नान झाले आणि मग राजकोटला जातभोजन. घरात आता विलायती सुधारणा सुरू झाल्या. चहा-कॉफी होतीच, तिच्यात कोको आणि ओटच्या लापशीची भर पडली. बूट आले, साहेबी पोशाख आला. कस्तुरबांना लिहायला-वाचायला शिकवायचे, हाही बेत होता. तो पार पडला नाही, कारण पती संशयी होता आणि शिक्षकाचा धीर त्याच्यापाशी नव्हता. एकदा तर रागाच्या भरात त्यांनी कस्तुरबांना माहेरी पाठवून दिले. हा सारा दोष आत्मचरित्रात गांधीजींनी आपल्याच पदरी घेतला आहे.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. टोपी आणि साखळी सुटली. चालणे मात्र उरले; १९३० सालच्या दांडीयात्रेत साठीचे गांधीजी सुमारे २४० मैल चालत गेले. पैशाचा चोख हिशेब उरला. आहाराचे प्रयोग वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमापर्यंत चालले. कस्तुरबांनीही आफ्रिकेत आणि हिंदुस्थानात सत्याग्रह केले, तुरुंगवास भोगला.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये दोघांना अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान राजवाड्यात ठेवण्यात आले. तेथे सक्तीची फुरसत होती. कस्तुरबा कॅरम खेळत आणि त्यात त्यांना मोठा रस वाटे. गांधीजींनी त्यांचे राहिलेले शिक्षण पुन्हा हाती घेतले. गुजराती वाचन, थोडा भूगोल, थोडा इतिहास. सत्तरी ओलांडलेल्या कस्तुरबांना शहरांची आणि प्रांतांची नावे लक्षात ठेवणे जड जाई, तरी त्या नेमाने धडा घेत. एकदा त्यांनी लिहिण्यासाठी वही मागितली. अक्षर जरा सुधारू दे, तोवर सुट्या कागदांवर लिही, असे गांधीजींनी त्यांना हसत सांगितले. कस्तुरबांना ते लागले. पुढे त्यांच्यासाठी वही आणली गेली, पण त्यांनी ती घेतली नाही.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्याच राजवाड्यात कस्तुरबांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच, महादेवभाई देसाई यांच्या समाधीशेजारी आहे.